अखत्यार नसलेली सही

देवास, ता. ११ फेब्रुवारी १९०७

तीर्थरूप बापूसाहेब काकांच्या चरणी भास्करचा साष्टांग नमस्कार.

पत्राच्या आरंभी ‘इकडे सर्व क्षेम’ असं लिहायची रीत आहे. आज तसं लिहिलं तर ते खोटं होईल, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या ज्ञानवर्धिनी शाळेचे अध्यक्ष जयसिंगराव यांनी मला बोलावून सांगितलं, की महिनाअखेरीपर्यंत लेखी माफी द्या, नाहीतर इतिहासाच्या मास्तरकीचा नाद सोडा.

गुन्हा ऐका. शनिवारी संध्याकाळी शाळेच्या दिवाणखान्यात मी मोठ्या माणसांसाठी व्याख्यानं देतो. विषय नेहमीचाच, राज्याराज्यांतले तह आणि त्यांचं पुढे काय होतं. परवा कोरिया देश घेतला. सव्वा वर्षामागे जपानने तिथल्या राजवाड्याभोवती फौज उभी केली आणि मंत्र्यांच्या सह्या घेऊन करार केला, की यापुढे कोरियाने परक्या राज्यांशी परस्पर बोलायचं नाही, त्याच्या वतीने जपान बोलेल. आता विलायतेच्या एका वर्तमानपत्रात त्या राजाचं म्हणणं छापून आलं आहे, की मी सही केलेली नाही आणि हा करार मला मान्य नाही. मी एवढंच म्हटलं, की ज्याच्या नावाने करार झाला त्याची संमती नसेल तर तो करारच नव्हे, मग सही करणारा मंत्री कितीही थोर असो.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “मास्साब, या वात तो अपना घर की लागे!” लोक खळखळून हसले. जयसिंगराव हसले नाहीत. मी कोरियाबद्दल बोलत होतो. लोकांना त्यात इंग्रजांच्या तहांनी बांधलेला माळवा ऐकू आला तर त्याला मी काय करू? आला याचा मला आनंद झाला, हे मात्र तुमच्यापाशी कबूल करतो.

माफी मी देणार नाही. काका, तहनाम्यांचा नाद मला तुम्हीच लावलात. धार दरबारचे वकील म्हणून तुम्ही इंग्रजांच्या एजन्सीत जायचात आणि घरी आल्यावर मला मांडीवर घेऊन कलमं समजावून सांगायचात. इतर मुलांना झोपताना रामरक्षा आणि मला तहाचं कलम चौथं. वडील गेल्यावर तुम्हीच मला मुंबईला धाडून एम. ए. केलंत. ती विद्या आता कुठे कोणाला टोचू लागली आहे, तर ती म्यान करून ठेवू कशी?

माईकाकूला नमस्कार सांगावा.

भास्कर


धार, ता. १६ फेब्रुवारी १९०७

चिरंजीव भास्कर यास बापूसाहेबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र माईने दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, “पोर बारीक झालं असेल.” कोरियाचं तिला काही वाटलं नाही.

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तुझा स्वभाव लहानपणापासूनचा. अरे, पाण्यात राहून माशांशी वैर करू नये. माझा जन्म एजन्सीच्या वऱ्हांड्यात गेला. साहेब आत चहा पीत असत आणि माळव्यातल्या साऱ्या संस्थानांचे वकील बाहेर बाकावर माशा वारत बसत. तिथे मी एक गोष्ट शिकलो. भांडण जिंकायचं असेल तर आधी आपली जागा शाबूत ठेवावी. जागा गेलेल्या माणसाचं खरंही कोणी ऐकत नाही.

म्हणून सोबत मसुदा पाठवतो. “माझ्या व्याख्यानाने कोणा सज्जनांच्या मनास क्लेश झाले असल्यास, तसे व्हावे असा माझा हेतू नव्हता, हे सविनय कळवितो.” यात माफी शोधून सापडणार नाही. असल्या मसुद्यांवर मी दरबारचे कितीतरी तंटे निभावून नेले आहेत. समोरचा समाधानाने घरी जातो आणि आपलं काही जात नाही. सही कर आणि पाठवून दे. सही करताना मनात हसलास तरी चालेल, कागदावर ते उमटत नाही.

हट्ट करू नकोस. तू आमचा एकुलता एक आहेस.

बापूसाहेब


देवास, ता. २७ फेब्रुवारी १९०७

तीर्थरूप काकांस भास्करचा साष्टांग नमस्कार.

मसुदा पोचला. वकिली म्हणून त्याला तोड नाही. मी तो दोन मित्रांना वाचून दाखवला आणि तिघांनी मिळून तुम्हाला दाद दिली. पण काका, त्यात माफी शोधून सापडत नसली, तरी जयसिंगराव शोधायला बसणार नाहीत. ते कागद हातात धरतील आणि ‘मास्तर नमला’ म्हणतील. लोक मसुदे वाचत नाहीत, कागद दिला की नाही एवढंच बघतात. म्हणून मसुदा सही न करता परत पाठवत आहे. माझ्या नावाने काहीही कबूल करू नये, ही विनंती.

आता इकडची गंमत. शाळेत माझी व्याख्यानं बंद झाली. शिवाय जयसिंगरावांनी थोरल्या पातीच्या कोतवालाकडून हुकूम आणला, की थोरल्या पातीच्या हद्दीत मी जाहीर बोलायचं नाही. पण देवास हे कसं गाव आहे ते तुम्ही जाणता. दोन भावांच्या वाटणीत एका गावाची दोन राज्यं झाली. बाजारच्या रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकट्या पातीची. शनिवारी मी पगडी घातली, रस्ता ओलांडला आणि धाकट्या पातीतल्या गणपत शिंप्याच्या ओट्यावर उभा राहून बोललो. ऐकणारे समोरच्या कडेला उभे होते, म्हणजे मास्तर परराज्यात आणि विद्यार्थी आपापल्या राज्यात! हुकुमाचा शिपाई रस्त्याच्या मधोमध येऊन थांबला. पुढे पाऊल टाकलं असतं तर दुसऱ्या राज्यात घुसल्याचा बोभाटा झाला असता. बिचाऱ्याने तिथेच उभ्याने सगळं व्याख्यान ऐकलं.

जयसिंगराव तावातावाने धाकट्या पातीच्या कोतवालाकडे गेले. तो म्हणाला, “रावसाहेब, आज तुमचा हुकूम इकडे चालू दिला, तर उद्या तुमची जकातही चालेल.” गणपत तर खूश आहे. म्हणतो, “भिया, असो तमासो तो मेला में बी नी देख्यो!” राज्य लहान असलं तरी हद्द ही हद्द असते, हे मी वर्षभर फळ्यावर शिकवत होतो. या रस्त्याने ते एका संध्याकाळी शिकवलं.

आणखी एक बातमी शेवटी सांगायची म्हणून राखून ठेवली होती. दक्षिणेतल्या एका नव्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांनी एका मासिकातला माझा निबंध वाचला. राज्याराज्यांतले संबंध आणि लहान राज्यांची सुरक्षितता हा विषय त्यांना स्वतंत्रपणे शिकवायचा आहे आणि जूनपासून मी यावं असं ते लिहितात. काका, असा वर्ग मला दुसरीकडे कुठे माहीत नाही. मला तो हवा आहे. इतकं दुसरं काहीच कधी हवंसं वाटलं नव्हतं.

भास्कर


धार, ता. ५ मार्च १९०७

चिरंजीव भास्कर यास आशीर्वाद.

शिपायाचं वाचून माई हसली आणि मीही हसलो. कॉलेजचं वाचून तर ऊर भरून आला. देवापुढे साखर ठेवली.

आता एवढं ऐक. जून काही लांब नाही, तोवर जरा दमाने घे. मास्तर नोकरीवरून निघाला असं त्या प्रिन्सिपॉलांच्या कानी जाऊ नये. ओट्यावर थोडे दिवस गेला नाहीस तर कोरिया काही समुद्रात बुडत नाही. बाकी काळजी करू नकोस, सगळं आपोआप निवेल. असल्या गोष्टी घरच्या वडीलधाऱ्यांनी निस्तरायच्या असतात.

गाडीवानाबरोबर मेतकूट आणि सांडगे पाठवले आहेत. पोचल्याचं कळव.

बापूसाहेब


देवास, ता. ९ एप्रिल १९०७

तीर्थरूप काकांस नमस्कार. साष्टांग आज लिहवत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी शाळेत प्रार्थनेनंतर जयसिंगरावांनी सगळ्या वर्गांसमोर एक कागद वाचला. इतके दिवस तुम्हाला पत्रच लिहू शकलो नाही. क्लेश झाले असल्यास, हेतू नव्हता, सविनय कळवितो. सारं मला पाठ होतं. शेवटी वाचलं, “चिरंजीव भास्कर याचे वतीने, त्याचे संमतीने, बापूसाहेब, माजी वकील, दरबार धार.” मग त्यांनी कागद उलटून मला दाखवला. अक्षर तुमचं होतं. मुदत उलटूनही मला का काढलं नव्हतं, ते तेव्हा कळलं.

त्याचे संमतीने! काका, मी नाही म्हटलं होतं. मसुदा परत पाठवला होता. माझ्या नावाने काही कबूल करू नका, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी मुलांसमोर उभा होतो आणि माझे कान जळत होते. बाहेर पडलो तर गणपत म्हणाला, “मास्साब, तमने माफी मांगी ली कंई?” तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला माझी कीव आली होती.

त्याच शनिवारी ओट्यावर गेलो आणि सांगितलं, “ही माफी माझी नाही. मला कोणी विचारलेलं नाही. कोरियाचा राजा जे म्हणतो तेच मी म्हणतो.” तुमच्याबद्दल वावगा शब्द काढला नाही. पण काढायची गरजच राहिली नव्हती. जयसिंगराव गावभर म्हणत फिरले, की दोघांपैकी एकजण खोटं बोलतो आहे, वकील तरी नाहीतर मास्तर तरी. बापूसाहेबांच्या शब्दावर माळव्यात आजवर कोणी शंका घेतलेली नाही. तेव्हा खोटा कोण ठरला ते तुम्हीच समजा. मला काढून टाकलं. कारण लिहिलं आहे, “दिलेला शब्द फिरविल्याबद्दल.”

कोरियाबद्दल बोललो म्हणून काढलं असतं तर मी पेढे वाटले असते. पण हा डाग घेऊन मी जाऊ कुठे? काल दक्षिणेतून प्रिन्सिपॉलांचं पत्र आलं. तह पाळावेत असं शिकवणाऱ्याने स्वतःचा शब्द मोडल्याचं त्यांच्या कानी आलं आहे. समाधानकारक खुलासा येईपर्यंत नेमणूक थांबवली आहे. माझ्या खुलाशाला कोण विचारतो? खुलासा एकाच माणसाच्या हातून येऊ शकतो.

भास्कर


धार, ता. १४ एप्रिल १९०७

भास्कर यास आशीर्वाद.

भर बाजारात, शिंप्याच्या ओट्यावर उभा राहून तू सख्ख्या काकाला खोटा पाडलंस. वर त्याच्याकडेच खुलासा मागतोस!

घरच्या कर्त्याने घरातल्यांच्या वतीने सही करायची नाही तर कोणी करायची? तुझ्या शाळेच्या दाखल्यापासून मुंबईच्या कॉलेजच्या अर्जापर्यंत सगळीकडे माझीच सही आहे. तेव्हा कधी अखत्यार विचारला नव्हतास. आजच तुला तो आठवला? मी तुझी जागा वाचवायला गेलो. जयसिंगरावांनी मला शब्द दिला होता, की कागद दप्तरात राहील. त्यांनी तो पाळला नाही, हा माझा दोष?

माझ्या हातून खुलाशाची एक ओळ मिळणार नाही. माझा शब्द खोटा होता, असं मी माझ्या हाताने लिहू? वकिलाकडे शब्दाशिवाय दुसरं असतं काय? जमीनजुमला मी केला नाही, अधिकार कधीच गेला. बापूसाहेब बोलले म्हणजे झालं, एवढंच धारमध्ये शिल्लक आहे. मोडेन पण वाकणार नाही हा बाणा तुझ्या एकट्याचा नव्हे. तो तू या घरातूनच नेला आहेस.

धारला येण्याची तसदी घेऊ नये. माई रडते आहे. कोणासाठी, ते तिने मला सांगितलेलं नाही.

बापूसाहेब


देवास, ता. २८ जुलै १९०७

तीर्थरूप काकांस भास्करचा साष्टांग नमस्कार.

उन्हाळा गेला, जून गेला. कॉलेजचा वर्ग माझ्याशिवाय सुरू झाला, म्हणजे बहुधा सुरूच झाला नाही, कारण ती जागा अजून भरलेली नाही असं कळतं. इकडे शिकवण्या करून पोट भरतो. शनिवारी ओट्यावर बोलतो. आधी लोक तोंड चुकवत होते, आता पुन्हा येतात. काहीजण मी शब्द फिरवतो तो कसा हे बघायला येतात आणि तह कसा मोडतात ते ऐकून जातात.

कोरियाचं पुढे काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. हेग शहरी साऱ्या राज्यांची परिषद भरली आहे. राजाने तिथे तीन माणसं पाठवली, की तो करार आमचा नाही असं जगाला सांगा. त्यांना आत घेतलं नाही. त्यांनी बाहेर उभं राहून वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं आणि ते जगभर छापून आलं. आता त्या राजाला गादी सोडावी लागली आहे. परवा गणपतने विचारलं, “तो मास्साब, फायदो कंई हुयो?” मी म्हटलं, फायदा झाला नाही. पण आता तो करार राजाच्या मर्जीने झाला, असं कोणाच्याने म्हणवणार नाही. नाही म्हणण्याची किंमत त्याने दिली. मीही देतो आहे आणि माझी तक्रार नाही.

तुमच्याकडे खुलासा मागत नाही. एक प्रश्न मात्र विचारतो, पुतण्या म्हणून नव्हे, तुमच्या मांडीवर कलमं शिकलेला विद्यार्थी म्हणून. धार दरबारच्या एखाद्या वकिलाने दरबाराला न विचारता, उलट दरबाराने नको म्हटलेलं असताना, तहावर सही केली असती आणि खाली ‘दरबारचे संमतीने’ असं लिहिलं असतं, तर त्याला तुम्ही काय म्हणाला असता? हेतू चांगला होता, असं तो म्हणाला असता तर तुम्ही ऐकून घेतलं असतं? उत्तर मला कळवू नका. तुमचं तुम्हालाच द्या.

तुमची फार आठवण येते. माईची तर रोज येते.

भास्कर


धार, ता. १९ ऑगस्ट १९०७

चिरंजीव भास्कर यास बापूसाहेबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर मी रागाने ते देव्हाऱ्याखालच्या फडताळात कोंबलं. तीन-चार दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी माई म्हणाली, “त्याने विचारलंय त्याचं उत्तर तुम्हाला येत नाही, की आवडत नाही?” बाईमाणसाने एजन्सीत वकिली केली असती तर आमची सगळ्यांची सुट्टी झाली असती.

उत्तर येतं. असल्या वकिलाला मी दरबाराच्या पायरीवर उभं राहू दिलं नसतं. हेतूबितू काही ऐकलं नसतं. चांगल्या हेतूने दुसऱ्याचं राज्य लिहून देणारे पुष्कळ पाहिले आहेत.

म्हणून दहा तारखेच्या शनिवारी देवासला येऊन गेलो. टांग्याने महू, गाडीने इंदूर, पुढे भर पावसात पुन्हा टांगा. हाडं खिळखिळी झाली. तुला भेटलो नाही. भेटलो असतो तर जयसिंगराव म्हणाले असते, पुतण्याने रडून लिहवून घेतलं. पण शाळेच्या पंचमंडळाची सभा रात्री होती, तोवर बाजारात उभा होतो. समोरच्या कडेला जे छत्र्या घेऊन उभे होते, त्यांत मीही होतो. तू पेशव्यांच्या तहाबद्दल बोलत होतास. एक साल चुकलास, ते भेटीत सांगेन. आवाज तुझ्या बापाचा आहे. मला तिथे फार अभिमान वाटला आणि फार लाजही वाटली.

सभेत मी म्हणालो, “कागदावरचे शब्द माझे. संमती खोटी. भास्करने मसुदा सहीशिवाय परत पाठवला होता आणि नको म्हणून लिहिलंही होतं. मला अखत्यार नव्हता.” जयसिंगराव मला कोपऱ्यात घेऊन कुजबुजले, “बापूसाहेब, म्हातारपणी हे काय आरंभलंत? तोंडी सांगितलंत, झालं. लेखी दिलंत तर उद्या माळव्यात तुमच्या सहीला कोण विचारील?” मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, “कोणी विचारू नये. मी विश्वासाने दिलेला कागद तुम्ही पोरांपुढे नाचवलात, त्याचा हिशेब तुम्ही तुमच्या देवाला द्या. माझा मी इथे देतो. कागद आणा.” एक प्रत पंचमंडळाला दिली, एक दक्षिणेत प्रिन्सिपॉलांना रजिस्टर टपालाने धाडली आणि एक परत येताना इंदूरच्या छापखान्यात छापायला टाकली. दप्तरात दडवता येणार नाही अशा बेताने.

तुझी मास्तरकी परत मिळणार नाही. जयसिंगराव म्हणाले, “मास्तर खोटा नसेल, पण उर्मट आहेच.” मी म्हटलं, “ते कबूल. आमच्या घरचा आहे.” प्रिन्सिपॉल काय करतील ते मला सांगता येत नाही. त्यांनी बोलावलं तर जा. नाही बोलावलं तर धारला ये, आपल्या ओसरीवर शिकव. धारला एकच राजा आहे, इथे पळायला दुसरी बाजू नाही. मनाई आली तर दोघे मिळून पाहू.

बातमी इथे माझ्या आधी पोचली. तंटे तोडायला जे मला बोलावत होते, त्यांनी यंदा नको असे निरोप धाडले. देवळाच्या पंचांनीही कळवलं आहे. वाईट वाटतं, वाटत नाही असं लिहिणार नाही. पण झोप लागते.

सभेत सही केली तेव्हाचं एक सांगतो. जयसिंगराव कागद पाहून म्हणाले, “हुद्दा लिहायचा राहिला.” मी म्हटलं, “राहिला नाही. यात दरबाराचा काही संबंध नाही.” जन्मभर मी सह्या केल्या, पण दरबारच्या वतीने, घराच्या वतीने, तुझ्या वतीने. कोणाच्याही वतीने नसलेली ही माझी पहिलीच.

तुझा काका,
बापूसाहेब